बावन्न माणसांचा एक माणूस : विनोदी एकपात्रीच्या अभ्यासाची प्रस्तावना

‘स्टँड-अप’ हा शब्द हिंगोली जिल्ह्यात मोबाइलच्या पडद्यावरून आला. त्याआधी एकट्याने उभं राहून चारचौघांना हसवणाऱ्या माणसाला आपल्याकडे कितीतरी नावं होती. तमाशात तो सोंगाड्या, बाजारात रायरंद, यात्रेत भारूडवाला, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नकला करणारा, व्याख्यानमालेत कथाकथनकार आणि नाट्यगृहात एकपात्रीवाला. नाव बदललं की मान बदलायचा, बिदागी बदलायची, कार्यक्रमानंतर जेवायला कुठल्या पंगतीत बसवायचं तेही बदलायचं. काम मात्र सगळ्यांचं एकच: समोरच्या अनोळखी गर्दीला एकाच क्षणी हसायला लावायचं, आणि ते पुन्हा पुन्हा करायचं. हे काम करणाऱ्यांची आयुष्यं आपल्याला वाचायची आहेत. ते कुणाकडून शिकले, कोणत्या भाषेत बोलले, काय कमावलं, कशाला घाबरले. मराठी, नाट्यशास्त्र, लोकसाहित्य, समाजशास्त्र, कुठल्याही दारातून तुम्ही आला असाल, इथे तुमचं स्वागत आहे. आणि घरात भारूड करणारे आजोबा असतील पण हातात पदवी नसेल, तर तुम्ही सगळ्यांच्या पुढे बसा. तुम्हाला ठाऊक असलेलं आम्हाला अजून विचारायचं आहे.

मराठीत विनोदावर विचार पुष्कळ झाला. न. चिं. केळकरांनी ‘हास्यविनोदमीमांसा’ लिहिली, कोल्हटकरांपासून अत्र्यांपर्यंतच्या विनोदावर प्रबंध झाले. पण हा बहुतेक विचार कागदावरच्या विनोदाचा आहे. पुस्तकातला विनोद वाचणारा एकटा असतो आणि लेखक तिथे हजर नसतो. उभ्याने केलेला विनोद लोकांसमोरच पुरा होतो; हशा आला नाही तर तो विनोद झालाच नाही. म्हणून कलावंताचं चरित्र लिहिताना आधी त्याच्यासमोर बसलेल्यांकडे बघावं लागतं. तो कुणासमोर उभा राहिला, कोण हसलं आणि कशाला हसलं, हे कळल्याशिवाय त्याच्या जन्मतारखेचा आणि पुरस्कारांचा काही उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

परंपरा जुनी आहे. संस्कृत नाट्यशास्त्राने सांगितलेल्या दहा रूपकांत ‘भाण’ नावाचा एक प्रकार येतो. त्यात नट एकच. तो रस्त्याने चालतो, दिसेल त्याच्याशी बोलतो, आणि समोरच्याचं न ऐकू येणारं उत्तर ‘काय म्हणतोस?’ असं विचारत स्वतःच सांगतो. शास्त्रात याला आकाशभाषित म्हणतात. आज एखादा मुलगा माईक हातात घेऊन आपल्या वडिलांचं फोनवरचं बोलणं एकट्याने करून दाखवतो, तेव्हा तो हेच करत असतो. त्याला हे नाव माहीत असण्याची गरज नाही. आपल्याला मात्र ते माहीत हवं.

मराठवाड्यात या कलेचं नाव काढलं की पहिल्यांदा आठवतात ते लक्ष्मण देशपांडे. १९४३ सालचा जन्म, २००९ मध्ये निधन. पेशाने शिक्षक, औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा त्यांनीच लिहिलेला आणि त्यांनीच केलेला प्रयोग. मराठवाड्यातल्या खेड्यातला मुलगा, परदेशात ठरलेलं लग्न, आणि आयुष्यात एसटीपलीकडे काही न पाहिलेलं वऱ्हाड विमानात बसायला निघालेलं. यात ते बावन्न पात्रं एकट्याने उभी करत. २००४ मध्ये या प्रयोगाची गिनीज बुकात नोंद झाली.

बावन्न हा आकडा लोक आदराने सांगतात आणि तिथेच थांबतात. अभ्यास तिथून सुरू व्हायला हवा. प्रयोगाचं चित्रीकरण मिळवा आणि आधी आवाज बंद करून दहा मिनिटं बघा. नेपथ्य नाही, वेश बदलत नाही, हाताशी फक्त एक कापड. ते डोक्यावरून घेतलं की पदर होतो, खांद्यावर टाकलं की म्हाताऱ्याचं उपरणं. पण कापड थोडंच काम करतं, खरं काम मान आणि नजर करते. मोठा माणूस लहानाशी बोलतो तेव्हा नजर खाली उतरते. उत्तर द्यायला ते स्वतः मूल झाले की तीच नजर वर जाते, आणि त्या दोन नजरांमध्ये एक अख्खं मूल आपल्याला दिसतं. प्रत्यक्षात तिथे कुणी नसतं. मग चित्र बंद करा आणि नुसतं ऐका. गावोगावच्या कितीतरी घरांनी हा प्रयोग कधी पाहिलाच नाही, कॅसेटवर ऐकला. टेपरेकॉर्डरभोवती बसलेल्या माणसांना कापड दिसत नव्हतं, मान दिसत नव्हती, तरी कोण बोलतंय ते कळत होतं. म्हणजे प्रत्येक पात्राचा श्वास वेगळा होता, शब्दाआधीची थांबण्याची जागा वेगळी होती. हे तंत्र कसं घडलं, याचं उत्तर ‘देवाची देणगी’ असं देऊन मोकळं होऊ नये. नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने ते पायरीपायरीने बांधलेलं आहे.

जपानात रकुगो नावाची कला आहे. कलावंत उशीवर गुडघे मोडून बसतो, हातात एक पंखा आणि एक रुमाल, आणि तो गोष्टीतली सगळी पात्रं मान डावीउजवीकडे वळवून करतो. पंख्याची काठी होते, रुमालाचं पाकीट होतं. देशपांडे यांनी रकुगो पाहिला होता की नाही हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. एकट्या देहातून गर्दी उभी करायची तर साधनं कमीच लागतात, आणि या निष्कर्षाला दोन दूरच्या मुलखांतली माणसं आपापल्या वाटेने पोचतात, हे मात्र फार महत्त्वाचं आहे.

लक्ष्मण देशपांडे यांच्या आधी पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ घेऊन उभे राहिले होते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रयीने कथाकथनाला गावोगाव सभागृहं भरवून दिली होती. राम नगरकरांनी ‘रामनगरी’त आपल्याच आयुष्याची, आपल्याच जातिव्यवसायाची गोष्ट रंगमंचावर आणली होती. पण पु.लं.ची चाळ मुंबईची, पाटील-मिरासदारांचं खेडं पश्चिम महाराष्ट्राचं. आमच्याकडची बोली मोठ्या रंगमंचावर मध्यभागी उभी राहिली ती ‘वऱ्हाड’मध्ये. आणि माझ्या लेखी इथेच या सगळ्या विषयाचं मर्म आहे.

पुण्या-मुंबईच्या नाटक-सिनेमात खेड्यातली बोली बहुधा गड्याच्या, मोलकरणीच्या नाहीतर हवालदाराच्या तोंडी असायची. तो तोंड उघडायचा आणि प्रेक्षक हसायचे. काय बोलला याला नाही, कसा बोलला याला. आमच्या परभणी-हिंगोलीकडची मुलं शिकायला पुण्याला गेली की पहिल्या महिन्यात ‘जायलो’, ‘करायलो’, ‘आलतो’, ‘कामून’ हे शब्द गिळायला शिकतात. ‘मपलं’ आणि ‘तुपलं’ तर घरीही सोडतात. मी हे जवळून पाहिलं आहे. एका गॅदरिंगमध्ये वसमतकडचा एक मुलगा विनोद सांगायला उभा राहिला. पाठ केलेला, गुळगुळीत प्रमाण मराठीतला मजकूर. पाच मिनिटं कुणी हसेना. त्याच्या कपाळावर घाम आला, हातातला कागद थरथरायला लागला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘कामून हसनात रे?’ मांडव फुटला. तो आधी दचकला. मग त्याने कागद खिशात घातला आणि उरलेली दहा मिनिटं घरच्या भाषेत बोलला. तो त्या दिवशी कलावंत झाला की नाही ते सांगता येत नाही, पण लोक त्याच्याबरोबर हसत होते, त्याला नाही.

‘त्याला हसणं’ आणि ‘त्याच्याबरोबर हसणं’ यांतलं अंतर मोजणं हे या अभ्यासाचं सगळ्यात अवघड काम. पुण्यातला प्रेक्षक आणि आमच्याकडचा प्रेक्षक ‘वऱ्हाड’च्या एकाच वाक्याला हसतो, पण कदाचित दोन निरनिराळ्या कारणांनी. एकाला विमानात गोंधळलेला खेडूत दिसतो. दुसऱ्याला आपला मामा दिसतो. कलावंताने दोघांनाही एकाच वाक्यात सांभाळलं असेल तर ते कौशल्य आहे. पण त्यात त्याला काही सोडून द्यावं लागलं का, हाही प्रश्न विचारायला हवा, आणि तो आदर ठेवून विचारता येतो. आज ‘वऱ्हाड’ माजलगावचे संदीप पाठक करतात. एकच संहिता दोन देहांतून गेली की काय टिकतं आणि काय बदलतं, हे तपासायची अशी संधी मराठीत क्वचितच मिळते.

आता खुद्द हिंगोलीकडे येऊ. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा बोलींच्या सीमेवर बसला आहे. उत्तरेला वाशीम, पूर्वेला यवतमाळ. सेनगावकडे गेलं की वऱ्हाडीचा ‘बे’ कानावर यायला लागतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं, हिंगोलीला पलटणीची छावणी होती, कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे इथल्या बोलण्यात दखनीचा एक धागा कायमचा विणला गेला आहे. बाजारातली थट्टा मराठीत सुरू होते आणि शेवटचा टोला दखनीत बसतो. दोन भाषांच्या सांध्यावर विनोद चांगला पिकतो, डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी ‘मिर्झा एक्स्प्रेस’मधून वऱ्हाडीत वर्षानुवर्षं हेच दाखवलं.

याच जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यातलं रूपूर हे फ. मुं. शिंदे यांचं गाव. ते कवी म्हणून ओळखले जातात आणि तसेच ओळखले जावेत. पण ज्यांनी त्यांना कविसंमेलनात ऐकलं आहे त्यांना माहीत आहे की दोन कवितांच्या मधलं त्यांचं बोलणं हा स्वतंत्र प्रयोग असतो. चेहरा न हलवता वाक्य टाकायचं, लोक हसेपर्यंत थांबायचं, आणि हसणं विरतं न विरतं तोच कवितेतून गळा दाटवायचा. विनोदी कलावंतांची यादी करताना आपण कवींना बाहेर ठेवतो ती चूक आहे. २०१४ च्या सासवडच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि पुढचं संमेलन २०१५ मध्ये पंजाबात घुमानला भरलं. घुमान हे नामदेवांच्या वास्तव्याने पावन झालेलं गाव, आणि मावळते अध्यक्ष नामदेवांच्याच जिल्ह्यातले. मला या योगायोगाचा अजूनही आनंद वाटतो.

कारण या प्रदेशात एकट्याने उभं राहून बोलण्याची मुळं शोधायला निघालं की वाट नरसीलाच जाते. परंपरा नरसीला नामदेवांचं जन्मगाव मानते आणि नामदेवांना आद्य कीर्तनकार. कीर्तन हा भक्तीचा सोहळा आहे. त्याला करमणूक म्हणणं मला पटणार नाही. पण कीर्तनकार लोकांना हसवतो, आणि ते हसणं भक्तीच्या आतच असतं. गोरोबाकाका संतमेळ्यात थापटणं घेऊन फिरतात, एकेकाच्या डोक्यावर मारून मडकं पक्कं की कच्चं ते बघतात, आणि नामदेवांपाशी आल्यावर मडकं कच्चं निघतं. हा प्रसंग कीर्तनकार रंगवतो तेव्हा मंदिरात हशा पिकतो. हसणाऱ्यांना हेही माहीत असतं की रागावलेले नामदेव इथून औंढ्याला विसोबा खेचरांकडे जातील आणि तिथे पिंडीवर पाय ठेवून निजलेला गुरू त्यांना भेटेल. हशाच्या पाठीमागेच पुढचा हुंदका उभा असतो. औंढा नागनाथाला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं, असं त्याचं कारण लोक सांगतात. सगळ्यांत मोठ्या संताला कच्चं मडकं ठरवून हसायची मुभा देणारी ही परंपरा आहे. केरळात मंदिराच्या कूत्तंबलममध्ये चाक्यार कूत्तू करणारा चाक्यार समोरच्या कुणावरही, राजावरसुद्धा, बोलू शकत असे आणि त्याला कुणी आडवं बोलायचं नाही असा संकेत होता. बोलणाऱ्याला अशी संरक्षित जागा कोणी दिली आणि ती कधी आकसली, हा तौलनिक अभ्यास कुणीतरी घ्यावा.

सगळ्यांना अशी जागा मिळाली नाही. लहानपणी कळमनुरीच्या बाजारात मी रायरंद पाहिला आहे. खाकी कपडे, पुठ्ठ्याचा बिल्ला, कानाला पेन्सिल. गुळाच्या दुकानासमोर उभा राहून त्याने दुकानदाराच्या नावाचं वारंट काढलं. गुन्हा: माशांना न विचारता गूळ विकणे. दुकानदाराला तो कोण ते पक्कं माहीत होतं, तरी हात जोडून उभा राहिला, ‘साहेब, पोरंबाळं हायेत’ म्हणाला. गर्दी जमली. जामिनावर सुटका झाली, जामिनाची रक्कम आठ आणे आणि गुळाचा एक खडा. मोठा होईपर्यंत मला वाटायचं की त्या खेळाचा कलावंत एकच होता. आता कळतं की दुकानदारानेही आपली भूमिका चोख केली होती, आणि त्याने ती केली नसती तर खाकीतला माणूस उपाशी गेला असता. हा खेळ गावाच्या विश्वासावर चालायचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. दारोदार फिरून, मागून, सोंग घेऊन जगणाऱ्या सगळ्यांच्याच पायांखालची जमीन त्या दिवशी सरकली. विनोदी कलावंताचं चरित्र लिहिताना आपण ‘प्रेक्षकांचं प्रेम’ हे शब्द सहज वापरतो. ते प्रेम नसेल तर काय होतं, त्याचा हा पुरावा आहे.

पैशाबद्दल विचारायला संकोच करू नका. बिदागी, सुपारी, मानधन, तिकीट, जाहिरात: कलावंताला जे पैसे मिळतात त्यांना तो काय म्हणतो यावरून पुष्कळ कळतं. ‘वऱ्हाड’चा कर्ता पगारी प्राध्यापक होता, कथाकथनकारांपैकी अनेकांच्या पाठीशी नोकरी होती, सोंगाड्याच्या पाठीशी फड आणि उचल. हिंगणघाटचा सुनील पाल २००५ मध्ये दूरचित्रवाणीवरची हास्यस्पर्धा जिंकला आणि जिल्ह्याच्या गावातल्या पोरांना पहिल्यांदा वाटलं की नकला हे पोटाचं साधन होऊ शकतं. पुढे ‘भाडिपा’सारख्या यूट्यूब वाहिन्यांनी मराठी स्टँड-अपला तिकीट लावलं. आता वसमतचा मुलगा हळदीच्या सौद्यावर दीड मिनिटाची क्लिप करतो आणि ती लाखभर लोक बघतात. पण त्या लाखांतला एकही जण त्याच्यासमोर बसलेला नसतो. तो थांबतो ते अंदाजाने. ही नवी कला आहे आणि तिला नवी मोजपट्टी लागेल.

संहितेचाही प्रश्न आहे. आपल्या राज्यात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. जो माणूस रोज रात्री समोरची माणसं बघून वाक्य बदलतो त्याची संहिता कोणती? ‘विच्छा माझी पुरी करा’ वसंत सबनीसांनी लिहिलं, पण दादा कोंडक्यांनी त्या त्या दिवसाच्या बातमीवर जे जोडलं ते छापील पुस्तकात कुठे आहे? न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली लेनी ब्रूस या विनोदकारावर अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा एका सरकारी निरीक्षकाने टिपणं बघून त्याचे विनोद कोर्टात म्हणून दाखवले. ब्रूसची तक्रार अशी होती की हा माणूस माझा प्रयोग वाईट करतोय आणि शिक्षा मला होणार. शिक्षा झालीच, माफी मिळाली २००३ मध्ये, तो गेल्यावर ३७ वर्षांनी. शब्द उतरवून घेतले म्हणजे प्रयोग हाती लागला असं समजणाऱ्या प्रत्येक संशोधकाने हा खटला वाचावा.

बायकांबद्दलची सामग्री फार थोडी आहे, आणि त्याचं कारण बायका हसवत नाहीत हे नव्हे. तमाशातली मावशीसुद्धा पुरुष करायचा. बायकांचा विनोद जात्यावर, हळदीच्या मांडवात, विहिणीला चिडवणाऱ्या गाण्यांत, उखाण्यात राहिला, आणि तिथे पुरुष संशोधकाला शिरकाव नव्हता. ज्या आजी सगळ्या आळीच्या नकला करतात त्यांना कुणी कलावंत म्हटलेलं नाही. मुलींनो, हे काम तुमच्याशिवाय होणार नाही.

शेवटी कामाला लागण्यापुरतं. कार्यक्रमाला जाताना दोघांनी जा. एकाने रंगमंचाकडे बघावं, दुसऱ्याने पाठ फिरवून लोकांकडे. जुन्या शास्त्राने हसण्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे सहा प्रकार केले आहेत. वहीत तेवढेच रकाने आखा, कारण ‘हशा’ या एका शब्दात काहीच उतरत नाही. आधी कोण हसलं ते लिहा: पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी की मागे उभी असलेली पोरं. कोण हसलं नाही तेही लिहा. मुलाखत घेताना कलावंताला त्याचा गाजलेला विनोद विचारू नका, तो त्याने हजारदा सांगितला आहे. न चाललेला विचारा. आणि त्याचं बोलणं जसं आहे तसं उतरवा. ‘जायलो’चं ‘जात आहे’ करू नका.

घाई करा, एवढंच सांगणं आहे. पोलिसाचं सोंग आठवणारे रायरंद आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि कॅसेटच्या फिती बुरशीने चिकटत चालल्या आहेत. तुमच्या गावात असं कुणी असेल, तर येत्या यात्रेपर्यंत थांबू नका. या आठवड्यात जा, फोनमधलं रेकॉर्डिंग सुरू करा, आणि आधी त्यांचा चहा होऊ द्या.